रोलबॅक करू नका. ते फोल्डर स्नॅपशॉटमधून उचलून आणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या स्टोरेज सर्व्हरवर झेडएफएस या फाइलप्रणालीचा पूल (डिस्का मिळून केलेली सामाईक जागा) आहे आणि दर तासाला आपोआप स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची नोंद, निघतात. फोटोंच्या शेअरमधलं एका अख्ख्या वर्षाचं फोल्डर कधीतरी पुसलं गेलं, ते आज लक्षात आलं. दरम्यान फोनवरून नवे फोटो येतच राहिले. यादीत बहुतेक स्नॅपशॉटपुढे ‘वापर’ शून्य दिसतोय, पूल 90 टक्के भरलाय, आणि समोर रोलबॅकचं, म्हणजे सगळं जुन्या स्नॅपशॉटच्या क्षणाला परत नेण्याचं, बटण आहे. ते दाबू का?

नका दाबू. तुमचं फोल्डर बहुधा अजून स्नॅपशॉटमध्ये जसंच्या तसं आहे. त्याला आत्ता धोका आहे तो दोनच गोष्टींचा: घाईघाईने केलेला रोलबॅक, आणि मुदत संपलेले स्नॅपशॉट पुसत राहणारं स्वयंचलित काम. पहिली गोष्ट तुमच्या हातात आहे. दुसरी तुम्ही हे वाचत असतानाही चालू असू शकते, म्हणून आधी तिचं बघू.

तासातासाचे स्नॅपशॉट कायम ठेवलेले नसतात. कुणी ते दोन दिवस ठेवतं, कुणी दोन आठवडे. तुमच्याकडे किती, ते सेटिंगमध्ये दिसेल. फोल्डर नक्की कधी गेलं हे ठाऊक नसताना जुन्या टोकाचा प्रत्येक स्नॅपशॉट मोलाचा आहे, आणि नेमका तोच आधी पुसला जातो. त्यामुळे सर्वात आधी स्नॅपशॉट पुसणारं ते काम बंद करा. नवे स्नॅपशॉट काढणं चालू राहिलं तरी हरकत नाही. मग फोटोंचा शेअर ज्या डेटासेटमध्ये (पुलातला स्वतंत्र कप्पा, स्नॅपशॉट त्याचाच निघतो) आहे, त्याच्या जुन्यातल्या जुन्या काही स्नॅपशॉटना होल्ड लावा. झेडएफएसच्या होल्ड कमांडला एक खुणेचा शब्द आणि स्नॅपशॉटचं पूर्ण नाव द्यायचं, एवढंच. होल्ड असेपर्यंत तो स्नॅपशॉट कुणी पुसायला गेलं, मग ते स्वयंचलित काम असो की आपण स्वतः, झेडएफएस सरळ नकार देतं. मी कुणाच्याही सर्व्हरला हात लावताना पहिली कमांड हीच देतो. यात बिघडण्यासारखं काही नाही, आणि नंतरच्या सगळ्या कामाला मन शांत राहतं.

याच वेळी आणखी एक गोष्ट थांबवा. त्या शेअरशी दुतर्फा जुळवून घेणारं एखादं अॅप फोनवर किंवा लॅपटॉपवर चालू असेल तर ते काही वेळ बंद ठेवा. फोल्डर माणसाच्या हातूनच गेलं असेल असं नाही. एका उपकरणावर पुसलेलं दुसरीकडेही पुसणं हे या अॅपचं कामच असतं. ते चालू राहिलं तर तुम्ही परत आणलेलं फोल्डर ते रात्रीतून पुन्हा पुसेल. असं झालेलं मी दोनदा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा घरच्यांना वाटलं की स्नॅपशॉटच खराब आहे.

आता त्या शून्याबद्दल. यावरून जवळजवळ प्रत्येक जण गोंधळतो आणि त्या गोंधळात चांगले स्नॅपशॉट पुसून बसतो, म्हणून हे नीट सांगतो.

झेडएफएस जुन्या डेटावर नवा डेटा लिहीत नाही. बदललेलं ते नव्या जागी लिहितं आणि जुना ब्लॉक (डेटाचा डिस्कवरचा तुकडा) कुणालाच नको असेल तरच मोकळा करतं. स्नॅपशॉट म्हणजे ‘या क्षणी जे ब्लॉक आहेत ते मला हवेत’ अशी नोंद. म्हणून तो क्षणात निघतो आणि निघताना जागाही जवळपास खात नाही. आता समजा तुमचं फोल्डर बुधवारी दुपारी पुसलं गेलं. त्याचे ब्लॉक बुधवारी सकाळी नऊच्या स्नॅपशॉटला हवेत, दहाच्याला हवेत, अकराच्यालाही हवेत. ‘वापर’ या रकान्यात झेडएफएस फक्त तेवढीच जागा दाखवतं जी त्या एकट्या स्नॅपशॉटमुळे अडली आहे. इथे ती कुणा एकट्यामुळे अडलेलीच नाही, तिघांनी मिळून धरून ठेवली आहे. म्हणून तिघांपुढेही शून्य. नऊचा आणि दहाचा पुसलात तर अकराच्यापुढचा शून्याचा आकडा एकदम अख्ख्या फोल्डराएवढा होईल, कारण आता त्याला धरणारा तो एकटाच उरला. तेव्हा ‘शून्य आहे म्हणजे रिकामा आहे, पुसून टाकू’ हा विचार मनातून काढा.

तुमच्या कामाचा रकाना दुसरा आहे, ‘रेफर’. त्या क्षणी डेटासेटमध्ये एकूण किती डेटा होता हे तो सांगतो, आणि फोल्डर कधी गेलं तेही त्यातच सापडतं. स्नॅपशॉटची यादी तारखेच्या क्रमाने लावा आणि रेफरचे आकडे वरून खाली वाचत या. 611 जीबी, 611, 612, 612, आणि मग अचानक 574. त्या दोन ओळींच्या मधल्या तासात तुमचे 38 जीबी गेले. नव्या फोटोंनी आकडा हळूहळू वर चढतो. पुसलेलं फोल्डर पायरी तुटल्यासारखं दिसतं, डोळ्याला लगेच टोचतं. आकडा पडण्याच्या आधीचा शेवटचा स्नॅपशॉट हा तुमचा. त्याला वेगळा होल्ड लावा आणि त्याचं नाव कागदावर लिहून ठेवा. वेळ बघताना एवढं सांभाळा की काही सर्व्हर स्नॅपशॉटच्या नावात जागतिक प्रमाणवेळ घालतात. नावातल्या वेळेवर जाऊ नका, निर्मितीचा रकाना स्वतंत्र मागवता येतो, तो बघा.

खात्री करायला झेडएफएसची डिफ कमांड आहे. पायरीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन स्नॅपशॉट तिला द्या. वजा चिन्हाच्या ओळी म्हणजे पुसलेल्या फायली, अधिक चिन्हाच्या म्हणजे नव्या, एम म्हणजे बदललेल्या आणि आर म्हणजे नाव किंवा जागा बदललेल्या. त्या तासात फक्त तुमचंच फोल्डर गेलं की सोबत आणखीही काही गेलं, हे इथे कळतं. ही यादी फाइलमध्ये साठवून ठेवा, शेवटी पडताळणीला लागेल.

आणि रेफरमध्ये पायरी कुठेच तुटलेली नसेल तर? मग फोल्डर पुसलं गेलेलंच नसण्याची शक्यता मोठी आहे. माऊस सरकला आणि ते शेजारच्या फोल्डरात जाऊन पडलं, असं घरोघरी होतं. डिफमध्ये आरची ओळ शोधा, नव्या जागेचा पत्ताच मिळेल. काही शेअरना स्वतःची कचरापेटीही असते. पुसलेलं तिच्यात जाऊन बसलं असेल तर जागा तितकीच भरलेली दिसते, म्हणून तिथेही डोकावून या.

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला सगळा डेटासेट मागच्या तारखेला न्यायचा नाहीये. मागच्या तारखेतली एक वस्तू आजच्या दिवसात आणायची आहे. रोलबॅक पहिलं काम करतो. तो डेटासेट त्या क्षणाला नेतो आणि त्यानंतर त्यात जे जे लिहिलं गेलं ते सगळं जातं, म्हणजे फोनवरून आलेले नवे फोटोही. शिवाय झेडएफएस मुळात फक्त सर्वात नव्या स्नॅपशॉटपर्यंतच मागे जाऊ देतं. त्याहून मागे जायचं असेल तर मधले सगळे स्नॅपशॉट नष्ट करायला संमती द्यावी लागते, कमांडमध्ये आर हा पर्याय देऊन किंवा वेब पॅनेलमध्ये एका चौकटीत टिक करून. ती टिक केलीत की नवे फोटो ज्या स्नॅपशॉटमधून परत मिळाले असते तेही गेले. परतीची वाट राहत नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परिचितांच्या सर्व्हरवर हिशोबाच्या काही फायली चुकीच्या लिहिल्या गेल्या होत्या. मी तीन दिवस मागे रोलबॅक केला, फायली आल्या, सगळे खूश. त्याच डेटासेटमध्ये त्यांच्या घरातल्या आजींनी सलग तीन संध्याकाळी बसून जुन्या पत्रांचे स्कॅन साठवले होते. मी विचारलं नाही, त्यांनाही सांगायचं सुचलं नाही. पत्रं घरात होती म्हणून पुन्हा स्कॅन झाली, पण आजींच्या त्या तीन संध्याकाळी मी वाया घालवल्या. तेव्हापासून दुसऱ्याच्या डेटावर रोलबॅक करण्याआधी मी डिफची यादी काढून त्या माणसासमोर ठेवतो: या ओळी जातील, चालेल का?

मग करायचं काय? फोल्डर उचलून आणायचं. प्रत्येक डेटासेटच्या मुळाशी टिंबाने सुरू होणारं ‘झेडएफएस’ नावाचं लपलेलं फोल्डर असतं आणि त्याच्या आत ‘स्नॅपशॉट’. साध्या यादीत ते दिसत नाही, पण टर्मिनलमध्ये पूर्ण पत्ता टाइप केला की उघडतं. आत प्रत्येक स्नॅपशॉट एकेका फोल्डराच्या रूपात आहे आणि त्यात तुमचे फोटो त्या दिवशी होते तसे आहेत. इथलं सगळं फक्त वाचता येतं, त्यामुळे इकडेतिकडे बघताना काही बिघडेल ही भीती नको.

आत गेल्यावर फोल्डर रिकामं दिसलं तर घाबरू नका. फोटोंचा शेअर हा मोठ्या डेटासेटच्या पोटातला वेगळा डेटासेट असेल तर वरच्याच्या स्नॅपशॉटमध्ये त्याची फक्त रिकामी जागा दिसते, आतला डेटा दिसत नाही. पोटातल्या डेटासेटच्या मुळाशी त्याचं स्वतःचं लपलेलं फोल्डर असतं, तिथे जा. ‘स्नॅपशॉट रिकामे निघाले’ म्हणून हताश होऊन आलेल्या माणसांपैकी बरेच जण चुकीच्या मजल्यावर शोधत असतात.

कॉपी करताना थेट मूळ जागी करू नका. त्याच डेटासेटमध्ये एक नवं फोल्डर करा आणि आधी सगळं तिथे आणा. त्याच डेटासेटमध्ये म्हणण्याला कारण आहे. एका डेटासेटच्या आत फायली हलवणं म्हणजे नुसतं नाव बदलणं, ते क्षणात होतं. दुसऱ्या डेटासेटमधून हलवलंत तर 38 जीबी पुन्हा लिहिले जातील.

कॉपीसाठी मी आरसिंक ही कमांड वापरतो. मालकी, परवानग्या आणि तारखा जपणारे पर्याय द्या. फोटोंच्या बाबतीत तारीख हरवली की बरीच अॅप त्यांचा क्रमच विस्कटतात. आधी नुसतं ‘काय करशील ते दाखव’ या पद्धतीने चालवा, यादी वाचा, मग खरी कॉपी करा. जिथून आणताय त्या पत्त्याच्या शेवटच्या तिरक्या रेघेकडे लक्ष द्या: रेघ दिली तर फोल्डरातला माल जातो, नाही दिली तर फोल्डरासकट जातो. आणि या कामात ‘डिलीट’ हा पर्याय कधीही देऊ नका, मग तो एखाद्या तयार कमांडीत कितीही सोयीचा वाटो. विंडोजमधून ‘मागील आवृत्त्या’ उघडूनही फोल्डर आणता येतं, चारदोन फायलींना ते उत्तमच. पण हजारो फोटो नेटवर्कवरून लॅपटॉपकडे जाऊन पुन्हा सर्व्हरकडे येणार, मधे लॅपटॉप झोपला तर अर्धवट राहणार, आणि मालकी कॉपी करणाऱ्याच्या नावावर होणार. एवढं मोठं काम सर्व्हरवरच करा.

आता जागेचा प्रश्न. साधी कॉपी म्हणजे नवं लिखाण. जुने 38 जीबी स्नॅपशॉटने धरलेलेच आहेत, वर हे नवे 38 लागतील. ओपनझेडएफएसच्या 2.2 या आवृत्तीत 2023 साली ब्लॉक क्लोनिंग (जुनेच ब्लॉक नव्या फाइललाही वापरू देणं) आलं, त्यात काही वेळा कॉपीला नवी जागा लागत नाही. पण ते तुमच्या आवृत्तीवर आणि सेटिंगवर अवलंबून आहे, जागेचा हिशोब त्याच्या भरवशावर करू नका. 90 टक्के भरलेल्या पुलात 38 जीबी बसत असतील तर खुशाल आणा. तंग वाटत असेल तर फोटो पुसून जागा करायला जाऊ नका, ते ब्लॉक स्नॅपशॉटनेच धरलेले असल्यामुळे जागा होणारच नाही. पूल सगळ्या डेटासेटचा सामाईक असतो, म्हणून दुसऱ्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या डेटासेटचे जुने स्नॅपशॉट काढता येतील. किती जागा सुटेल ते आधी बघता येतं: नष्ट करण्याच्या कमांडला पहिल्या आणि शेवटच्या स्नॅपशॉटची नावं मधे टक्क्याचं चिन्ह घालून द्यायची, आणि सोबत ‘करू नकोस, फक्त सांग’ हा पर्याय. मी मात्र अशा वेळी आधी एखादी बाहेरची डिस्क जोडून फोल्डर तिच्यावर उतरवतो. पूल तुंबण्याची भीती उरत नाही, आणि स्नॅपशॉट ज्या डिस्कांवर आहेत त्याच बसल्या तर हाती काही तरी राहतं.

फोटो कुठल्या अॅपमध्ये बघता यावरही थोडं अवलंबून आहे. नुसती फोल्डरं असतील तर वरचं सगळं पुरेसं आहे. पण फोटो सांभाळणारं अॅप सर्व्हरवर चालत असेल तर त्याचा स्वतंत्र डेटाबेस असतो. फायली परत आल्या तरी डेटाबेसमध्ये ‘हे फोटो पुसले’ अशी नोंद असेल. बहुतेक वेळा अॅपला फोल्डर पुन्हा तपासायला लावलं की काम भागतं, पण अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं परत येतीलच असं नाही.

ती हवी असतील तर क्लोन कामाला येतो. स्नॅपशॉटवरून क्लोन काढला की त्या क्षणाचा लिहिता येणारा डेटासेट शेजारी उभा राहतो, क्षणात आणि जवळपास शून्य जागेत. डेटाबेसच्या डेटासेटचा क्लोन काढून अॅपची दुसरी प्रत त्यावर चालवा, हवं ते बघा, निर्यात करा. मूळ जागचं काही हलत नाही. फक्त फोटो आणि डेटाबेस एकाच क्षणाचे घ्या. वरच्या डेटासेटवरून पोटातल्यांसकट एकत्र काढलेले स्नॅपशॉट एकाच क्षणाचे असतात, वेगवेगळ्या वेळापत्रकाने काढलेले नसतात. आणि चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी वीज गेल्यावर डिस्कवर जे उरलं असतं ते. चांगले डेटाबेस यातून सावरतात, पण त्यासाठी मुख्य फाइल आणि तिच्या जोडीच्या नोंदवही-फायली सगळ्या एकत्र आणाव्या लागतात. एकटी मुख्य फाइल उचलून आणली की घोळ होतो. आभासी मशीनच्या डिस्कलाही हेच लागू आहे.

मग रोलबॅक कधीच नाही का? आहे ना. एखाद्या अॅपचा स्वतःचा वेगळा डेटासेट आहे, अद्ययावत करण्याआधी तुम्ही मुद्दाम स्नॅपशॉट काढलात, अॅप मोडलं, आणि पंधरा मिनिटांत तुम्ही मागे जाताय. तिथे रोलबॅकइतकं सरळ दुसरं काही नाही. घरच्यांचा डेटा रोज ज्यात येऊन पडतो तिथे मात्र मी तो टाळतोच.

झेडएफएसऐवजी बीटीआरएफएस ही दुसरी फाइलप्रणाली असती तर विचार हाच, थोडे तपशील वेगळे. तिथे डेटासेटऐवजी सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट निघतो, पोटातल्या सबव्हॉल्यूमचा डेटा त्यात येत नाही, आणि जुनेच ब्लॉक वापरणाऱ्या रिफ्लिंक कॉपीने त्याच फाइलप्रणालीत फायली नवी जागा न घेता आणता येतात. लिनक्समधल्या एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थेचा जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट असेल तर घाई करा, त्याला नेमून दिलेली जागा भरली की तो निकामी होतो.

फोल्डर गेलं नसून फायलींची नावं विचित्र झाली असतील, उघडत नसतील, तर गोष्ट निराळी. तो खंडणीखोर व्हायरस असू शकतो. तेव्हा रेफरचा आकडा पडत नाही, उलट स्नॅपशॉटनी अडवलेली एकूण जागा झपाट्याने फुगते. सगळी उपकरणं शेअरपासून तोडा, सर्व्हरचा मुख्य पासवर्ड बदला, होल्ड लावा, आणि उपकरण स्वच्छ होईपर्यंत काहीही परत आणू नका.

तुमचा क्रम असा: पुसणारं काम बंद, होल्ड, रेफरमधली पायरी, डिफ, मग वेगळ्या फोल्डरात कॉपी. आता पडताळणी. आरसिंक पुन्हा एकदा ‘फक्त दाखव’ पद्धतीने चालवा, पण या वेळी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून. यादीत एकही फाइल आली नाही तर स्नॅपशॉट आणि कॉपी तंतोतंत एक आहेत. डिफची साठवलेली यादी काढून वजा चिन्हाच्या ओळी मोजा, त्यांचा आणलेल्या फायली-फोल्डरांशी मेळ बसला पाहिजे. दहावीस फोटो उघडून बघा, त्यात एखादा मोठा व्हिडिओही असू द्या. मगच फोल्डर मूळ जागी हलवा आणि त्याच मिनिटाला एक नवा स्नॅपशॉट हाताने काढा. थांबवलेलं अॅप चालू करताना पहिला अर्धा तास त्यावर लक्ष ठेवा.

आठवडाभर सगळं ठीक राहिलं की क्लोन काढला असेल तर तो नष्ट करा, कारण तो असेपर्यंत त्याचा मूळ स्नॅपशॉट पुसता येत नाही. मग होल्ड सोडवा आणि बंद केलेलं पुसण्याचं काम पुन्हा चालू करा. शेवटची ही पायरी कॅलेंडरमध्ये आत्ताच लिहून ठेवा. फोटो परत आल्याच्या आनंदात ती राहून जाते, आणि तुमच्याकडे तर दहाच टक्के जागा उरली आहे.